घरी बरं होताना लागणारी उपकरणं: आधी विचारा, मग मोजा, मग घ्या

डिस्चार्ज ठरला की घरात धावपळ सुरू होते, आणि त्या गडबडीत बहुतेक घरांत सगळ्यात आधी व्हीलचेअर येते. घरी आणल्यावर कळतं की ती बाथरूमच्या दारातून आत जात नाही. वॉकर येतो तो कुणा दुसऱ्याच्या उंचीला लावलेला, आणि कमोड चेअर पलंगापेक्षा बुटकी निघते. वस्तू चांगल्या असतात, पण त्या माणसाला आणि त्या घराला बसत नाहीत. हे टाळायचं तर दुकानात जायच्या आधी थोडी विचारपूस आणि अर्ध्या तासाचं मोजमाप करायला हवं.

निवडीची सुरुवात एका रस्त्यापासून करा: पलंगापासून संडासापर्यंतचा रस्ता. आजारी माणूस दिवसभरात घरात दुसरीकडे कुठे गेला नाही तरी इथे जातोच. रात्री, झोपेत, घाईत आणि अंधारात जातो. या एका रस्त्यावर उठणं, उभं राहणं, चालणं, वळणं, बसणं आणि परत उठणं या सगळ्या हालचाली येतात. तेवढा रस्ता सुरक्षित करणाऱ्या वस्तू आधी घ्या, बाकीच्यांचं नंतर बघता येतं.

दवाखान्यातून निघण्याआधी विचारायचं ते

पाय, खुबा किंवा गुडघ्याचं ऑपरेशन वा फ्रॅक्चर असेल तर पहिला प्रश्न: त्या पायावर किती भार द्यायचा? ‘सांभाळून चाला’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका. अजिबात भार नाही, फक्त बोटं टेकवायची, थोडा भार, सोसेल तेवढा भार किंवा पूर्ण भार, यांपैकी नेमकं काय ते कागदावर लिहून घ्या. काठी, वॉकर की कुबड्या हे या उत्तरावर ठरतं. ही सूचना कधी बदलणार आहे तेही विचारा, कारण तीन आठवड्यांनी नको असलेली वस्तू विकत घेण्यात अर्थ नाही.

दुसरा प्रश्न हातांबद्दल. वॉकर आणि कुबड्या हातांच्या जोरावर चालतात. मनगट मोडलेलं असेल, खांद्याचं ऑपरेशन असेल, पक्षाघाताने एक हात गेला असेल, तर साधा वॉकर उपयोगाचा नाही. छातीचं हाड कापून हृदयाचं ऑपरेशन झालं असेल तर हातांवर भार देऊन उठायला काही आठवडे मनाई असते. पाय धडधाकट असले तरी अशा माणसाला उंच खुर्ची आणि उंच पलंग लागतो, ही गोष्ट हमखास विसरली जाते.

तिसरा प्रश्न: कोणती हालचाल वर्ज्य आहे? खुब्याचा सांधा बदलल्यावर अनेक रुग्णांना मांडी ९० अंशांपेक्षा जास्त दुमडू नका, पायावर पाय टाकू नका असं सांगतात. ही बंधनं शल्यचिकित्सकाच्या पद्धतीप्रमाणे बदलतात, म्हणून आपल्या डॉक्टरांनाच विचारायचं. बंधन असेल तर घरातली प्रत्येक बैठक, संडास धरून, गुडघ्यापेक्षा उंच करावी लागेल.

शक्य असेल तर डिस्चार्जच्या आदल्या दिवशी फिजिओथेरपिस्टकडून रुग्णाला त्याच प्रकारच्या वॉकरवर किंवा कुबड्यांवर चालवून घ्या, आणि जो घरी सांभाळणार आहे त्याने ते शेजारी उभं राहून बघावं.

मोजपट्टी घेऊन घरभर फिरा

दाराचं माप बहुतेक जण चुकीचं घेतात. चौकट ते चौकट मोजू नका. दार पूर्ण उघडा आणि उघडलेल्या फळीच्या पृष्ठभागापासून समोरच्या चौकटीपर्यंत मोजा. बिजागरीशी फळीची जाडीच ३–४ सेंमी खाते, आणि नेमकी तेवढ्यासाठी खुर्ची अडते. पॅसेज जिथे सगळ्यात अरुंद आहे तिथलं माप घ्या, उंबऱ्याची उंची घ्या, पलंगाची गादीसकट उंची घ्या (कुणी तरी गादीवर बसलेलं असताना, कारण गादी दबते), आणि कमोडच्या सीटची उंची घ्या.

मग माणसाची मापं. वजन आणि उंची लागतेच. साध्या वॉकरची, कमोड चेअरची आणि व्हीलचेअरची भार पेलण्याची मर्यादा बहुधा १०० किलोच्या आसपास असते. वजन ८५–९०च्या पुढे असेल तर लेबलवरचा आकडा वाचल्याशिवाय काही घेऊ नका. बसलेल्या स्थितीत कुल्ह्यांची सर्वांत जास्त रुंदी, पाठीपासून गुडघ्याच्या मागच्या खोबणीपर्यंतची लांबी, आणि त्या खोबणीपासून टाचेपर्यंतची उंची मोजा. शेवटचं माप मनगटाचं: घरात जे बूट किंवा पट्ट्याच्या चपला घालायच्या आहेत त्या घालून सरळ उभं करा, हात सैल सोडा, आणि मनगटाच्या आतल्या घडीपासून जमिनीपर्यंतचं अंतर लिहा. उभं राहता येत नसेल तर पाठीवर झोपवून हेच माप टाचेपर्यंत घ्या. काठी, वॉकर आणि कुबडीची मूठ, तिघांची उंची याच एका आकड्यावरून लागते.

काठी, वॉकर की कुबड्या

तोल किंचित जातो किंवा एक गुडघा दुखतो, पण भार देता येतो, तर काठी. काठी शरीराचा फार तर पाव भार घेते, त्याहून जास्त तिच्याकडून अपेक्षा ठेवू नका. दोन्ही हातांचा आधार लागतो, अशक्तपणा आहे, वय झालं आहे, तर वॉकर. एका पायावर भार द्यायचाच नाही, पण हात, खांदे आणि तोल चांगला आहे, तर कुबड्या. एकच हात चालतो आणि साधी काठी अपुरी पडते, तर चार पायांची काठी.

*काठी* दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. ऐकायला उलटं वाटतं, पण चालताना उजवा पाय आणि डावा हात एकत्र पुढे जातात, आणि विरुद्ध बाजूने आधार मिळाला की दुखऱ्या बाजूच्या खुब्याच्या स्नायूंना कमी ताकद लावावी लागते. मूठ मनगटाच्या घडीच्या उंचीला हवी. मूठ धरल्यावर कोपर २० ते ३० अंश वाकलेलं राहिलं की उंची बरोबर. चार पायांच्या काठीचे दोन पाय सरळ रेषेत आणि दोन बाहेर पसरलेले असतात. पसरलेली बाजू शरीरापासून लांब ठेवायची, नाहीतर चालताना आपलाच पाय तिच्यात अडकतो. शिवाय तिचे चारही पाय एकदम टेकले पाहिजेत. भरभर चालणाऱ्याला ती डुगडुगते आणि जिन्याच्या अरुंद पायरीवर तर ती मावतच नाही.

*वॉकर* दोन प्रकारचा मिळतो: बिनचाकी घडीचा, आणि पुढच्या दोन पायांना चाकं असलेला. बिनचाकी वॉकर प्रत्येक पावलाला उचलून पुढे ठेवावा लागतो. तो सगळ्यात स्थिर असतो, पण दमवतो. दम लागणाऱ्या माणसाला चाकांचा बरा. चार चाकं, ब्रेक आणि बैठक असलेला रोलेटर दिसायला फार सोयीचा, पण तो ज्याला फक्त तोल सांभाळायचा आहे आणि मध्येच बसायला लागतं त्याच्यासाठी आहे. त्याच्यावर भार टाकला की तो पुढे पळतो. ऑपरेशननंतरच्या पहिल्या आठवड्यांत रोलेटर घेऊ नये, हे आमचं स्पष्ट मत आहे.

वॉकर लावताना चारही पायांची बटणं सारख्याच क्रमांकाच्या भोकात आहेत का ते मोजून बघा. मग प्रत्येक बटणावरून अंगठा फिरवा. स्प्रिंगचं बटण भोकातून पूर्ण बाहेर आलेलं असेल तर त्याची गोल टोपी नळीच्या वर स्पष्ट जाणवते. अर्धवट अडकलेलं बटण डोळ्यांना ठीक दिसतं, पण भार पडताच आत सरकतं आणि तो पाय खचतो. वॉकर उलगडल्यावर ‘खट्’ आवाज येऊन कुलूप बसलं पाहिजे. दोन्ही बाजू आत दाबून खात्री करा.

चालण्याचा क्रम असा:

१. वॉकर हातभर पुढे ठेवा, चारही पाय टेकू द्या.
२. दुखरा पाय वॉकरच्या मध्यापर्यंत आणा, पुढच्या दांडीला चिकटवू नका.
३. हातांवर भार देऊन चांगला पाय त्याच्या शेजारी आणा.

वॉकर फार पुढे ढकलला की माणूस वाकतो, आणि पाय पुढच्या दांडीपर्यंत गेला की मागे पडण्याची भीती. उठताना वॉकर ओढून कधीही उठू नका. तो अंगावर येतो. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर रेटून उठायचं, उभं राहिल्यावर मग एकेक हात वॉकरवर. बसताना दोन्ही पायांच्या मागे खुर्ची लागेपर्यंत मागे यायचं, दुखरा पाय थोडा पुढे सरकवायचा, हात मागे खुर्चीला लावायचे आणि सावकाश बसायचं. वॉकरच्या पुढच्या दांडीला पिशवी टांगली तर तो पुढे कलंडतो. पाण्याची बाटली आणि फोन ठेवायला आतल्या बाजूला छोटी कापडी खिशाची पिशवी बांधा.

*काखेतल्या कुबड्यांचा* वरचा भाग काखेला टेकता कामा नये. काख आणि कुबडी यांच्यात दोन-तीन बोटं, म्हणजे ४–५ सेंमी जागा हवी, आणि कुबडीचं टोक पायाच्या बोटांपासून १५ सेंमी पुढे आणि १५ सेंमी बाजूला टेकवून हे माप घ्यायचं. भार तळहातांवर घ्यायचा, कुबडीचा वरचा भाग फक्त बरगडीशी दाबून धरायचा. काखेत भार टाकत राहिलं तर तिथली नस दाबली जाते. हाताला मुंग्या येतात, आणि दुर्लक्ष केलं तर मनगट उचलता येईनासं होतं. मुंग्या आल्या की मऊ कापड गुंडाळून भागत नाही, कुबडीची उंची कमी करायची. दीर्घकाळ लागणार असतील तर कोपराच्या कुबड्या चांगल्या. त्यांची पट्टी कोपराच्या खाली ३–४ सेंमीवर यायला हवी.

जिन्याचा नियम काठीला आणि कुबड्यांना एकच: चढताना चांगला पाय आधी, उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. कठडा असेल तर एक हात कठड्यावरच ठेवायचा. वॉकर घेऊन जिना चढू नका.

आता रबरी बूट, म्हणजे टोकाला असलेली टोपी. सगळ्या आधारांमधला हा सर्वांत स्वस्त भाग, आणि घसरण्याचं एक मोठं कारण. काठी उलटी करून बघा: नव्या बुटाच्या तळाला गोल गोल खाचा असतात. त्या झिजून तळ गुळगुळीत झाला, एका बाजूला जास्त झिजला, किंवा कडेला चीर जाऊन आतली नळी दिसायला लागली की तो फेकून द्या. बदली बूट घेताना नळीचा बाहेरचा व्यास मिलिमीटरमध्ये मोजून न्या. सैल बूट ओल्या फरशीवर निसटून मागे राहतो आणि काठी नुसत्या नळीवर पुढे जाते.

व्हीलचेअर

घरातल्या घरात चार पावलं चालता येत असतील तर व्हीलचेअर फक्त बाहेर आणि दवाखान्यात न्यायला लागते. अशा वेळी छोट्या चाकांची, हलकी, दुसऱ्याने ढकलायची खुर्ची पुरते. स्वतः चालवायची असेल तर मागची चाकं मोठी, साधारण २४ इंची हवीत, आणि त्यांच्या बाहेरून हाताने फिरवायची कडी येते. म्हणून अशा खुर्चीची एकूण रुंदी बैठकीपेक्षा जवळजवळ २० सेंमी जास्त भरते. ४५ सेंमी बैठकीच्या खुर्चीला ६५ सेंमीचं मोकळं दार कसंबसं पुरतं, आणि हाताची बोटं चौकटीला घासतात ती वेगळीच. ८० सेंमी मोकळं मिळालं तर आरामात जाता येतं. जागच्या जागी पूर्ण वळायला साधारण १५० सेंमी व्यासाची मोकळी जागा लागते.

बैठकीची रुंदी म्हणजे कुल्ह्यांची रुंदी अधिक ३ ते ५ सेंमी. ‘मोठी बरी, ऐसपैस बसतील’ हा विचार चुकीचा आहे. रुंद खुर्चीत माणूस एका बाजूला कलतो आणि त्याच कुल्ह्यावर दाब पडतो. बैठकीची पुढून मागपर्यंतची खोली अशी हवी की पाठ टेकवून बसल्यावर बैठकीची कड आणि गुडघ्याची मागची खोबण यांच्यात दोन-तीन बोटं मावतील. पायपट्टी जमिनीपासून किमान ५ सेंमी वर. हाताची पट्टी काढता येणारी किंवा मागे उलटणारी घ्या. पलंगावरून सरकत खुर्चीत यायचं असेल तर अडकलेली पट्टी सगळं अवघड करून ठेवते. पायपट्ट्याही बाजूला वळणाऱ्या असाव्यात.

पलंगावरून खुर्चीत घेताना खुर्ची रुग्णाच्या बळकट बाजूला, पलंगाशी ३० ते ४५ अंशांत तिरकी लावा. दोन्ही ब्रेक लावा, पायपट्ट्या बाजूला करा, मगच उठवा. उठवताना रुग्णाच्या काखेत हात घालून ओढू नका, विशेषतः पक्षाघाताचा सैल खांदा असेल तर. कमरेला रुंद ट्रान्सफर बेल्ट बांधा आणि तो धरा. आपले गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा. सांभाळणाऱ्याची पाठ धरली की घरात दोन रुग्ण होतात. पायपट्टीवर पाय देऊन कुणी उठलं तर खुर्ची पुढे उलटते, हे घरातल्या लहानमोठ्या सगळ्यांना सांगून ठेवा.

हवेच्या टायरमध्ये हवा कमी झाली की ब्रेक टायरला नीट टेकत नाही आणि ब्रेक लावूनही खुर्ची सरकते. भरीव टायरला ही कटकट नाही, पण धक्के जास्त बसतात. उतारासाठी ठोकताळा १ला १२ असा आहे: १५ सेंमी उंच पायरीला १८० सेंमी लांब उतार. तीव्र उतारावरून खाली आणताना खुर्ची उलटी करून, म्हणजे ढकलणाऱ्याने आधी उतरून, मागे मागे आणायची.

पलंग आणि गादी

सगळ्यांना हॉस्पिटलचा पलंग लागत नाही. रुग्ण स्वतः कुशीवर होऊ शकतो आणि उठून बसू शकतो, तर घरचा पलंग योग्य उंचीचा करा आणि पाठीला आधार द्या, पुरेसं आहे. योग्य उंची म्हणजे कडेला बसल्यावर तळपाय पूर्ण टेकतात आणि गुडघे ९० अंशांत, किंवा खुब्याचं बंधन असेल तर त्याहून थोडं उघडे राहतात. पलंग बुटका असेल तर पायांखाली लाकडाचे खाच पाडलेले ठोकळे द्या, विटांवर विटा रचू नका.

नळीतून अन्न द्यावं लागतं, दम लागतो, कूस दुसऱ्याने बदलावी लागते, तेव्हा पाठ आणि गुडघा दोन्ही उचलणारा, दोन हँडलांचा फाउलर बेड घ्या. सांभाळणारं माणूस एकटं असेल तर उंची कमी-जास्त होणारा घेतलेला परवडतो: अंग पुसताना कमरेइतका वर, झोपताना खाली. फक्त डोकं उचललं तर माणूस खाली घसरतो आणि माकडहाडावरची कातडी आतल्या आत ताणली जाते. म्हणून आधी गुडघ्याचा भाग थोडा उचला, मग पाठ. डॉक्टरांनी जास्त सांगितलं नसेल तर जेवणाचा वेळ सोडून डोक्याची बाजू ३० अंशांपर्यंतच ठेवा. कठडे लावले तर गादी आणि कठडा यांच्यात फट राहू देऊ नका. गोंधळलेला, रात्री उठू पाहणारा रुग्ण त्या फटीत अडकतो किंवा कठड्यावरून चढून आणखी उंचावरून पडतो. अशा माणसाला पलंग अगदी खाली घेणं जास्त सुरक्षित.

स्वतःहून कूस बदलता येत नसेल तर एअर बेड, म्हणजे पंपावर आळीपाळीने फुगणाऱ्या कप्प्यांची गादी, पहिल्या दिवसापासून घाला. बेडसोर, म्हणजे सतत दाबाने होणारी जखम, झाल्यावर नव्हे. फुगीर फोडांसारखे कप्पे असलेली पातळ गादी कमी वजनाला आणि थोड्या दिवसांसाठी ठीक. वजन जास्त असेल किंवा काही महिने लागणार असतील तर आडव्या नळ्यांची. ती साध्या फोमच्या गादीवर अंथरायची, वर एकच सुती चादर सैल घालायची. चादरीवर रबर, त्यावर घोंगडी, त्यावर आणखी एक चादर असे थर चढले की गादीचा उपयोग संपला.

पंपाचा दाब वजनाप्रमाणे लावून अर्ध्या तासाने हाताने तपासा. रुग्ण पाठीवर असताना तळहात वर करून हात एअर बेडच्या खाली, माकडहाडाच्या बरोबर खाली सरकवा. हाड हाताला लागलं किंवा वर २–३ सेंमी हवेचा थर जाणवला नाही तर दाब कमी आहे. गादी दगडासारखी कडक लागली तर दाब जास्त आहे. वीज गेली की बऱ्याच गाद्या हळूहळू बसतात, म्हणून नळी पंपापासून काढून टोपण लावायची सोय आहे का ते घेतानाच विचारा. खाली फोमची गादी ठेवायचं हेही एक कारण.

एअर बेड आहे म्हणून कूस बदलणं बंद करायचं नाही. साधारण दर दोन तासांनी बदला, आणि बदलताना माकडहाड, खुब्याची बाजू, टाचा, घोटे, कोपर बघा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. दाबल्यावर पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर त्या बाजूवर काही तास निजवू नका. दाबूनही लालच राहिला तर ती बेडसोरची सुरुवात आहे; डॉक्टरांना किंवा नर्सला त्याच दिवशी दाखवा. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे शेजारच्या भागापेक्षा गरम, कडक किंवा काळपट लागतं का ते बघा. डाग चोळू नका. टाचा तरंगत्या राहतील अशी उशी पोटऱ्यांखाली द्या. मध्ये भोक असलेली गोल रिंग वापरू नका. तिच्या कडेवर दाब पडून मधल्या भागाचा रक्तपुरवठा उलट कमी होतो.

संडास आणि अंघोळ

कमोड चेअर एकच अशी घ्या की तिन्ही कामं भागतील: रात्री भांडं लावून पलंगाशेजारी, दिवसा भांडं काढून संडासातल्या कमोडवर, आणि अंघोळीला बसायला. त्यासाठी तिची चौकट गंज न धरणारी, पाय कमी-जास्त होणारे आणि खालची जागा कमोडच्या भांड्यापेक्षा उंच हवी. उकिडवं बसायचा संडास असेल तर त्याच्यावरही हीच खुर्ची बसते, फक्त चारही पाय सपाट फरशीवर येतात का ते आधी मोजा. पलंगाशेजारी चाकांची खुर्ची ठेवत असाल तर चारही चाकांना ब्रेक पाहिजेत; रुग्ण एकटा बसणार असेल तर बिनचाकीच बरी.

नुसता उंच सीट घ्यायचा असेल तर ५, १० आणि १५ सेंमीचे मिळतात. गुडघ्यामागची उंची वजा कमोडची उंची, एवढा फरक भरून निघाला पाहिजे, खुब्याचं बंधन असेल तर वर ३–५ सेंमी. कडेने आवळणारा क्लॅम्प असलेलाच घ्या, नुसता ठेवलेला सीट तिरकं बसताच सरकतो.

भिंतीचे हँडल स्क्रू-बोल्टने पक्क्या भिंतीत बसवा. रबरी वाटीने चिकटणारी हँडलं टाइलच्या सांध्यावर किंवा किंचित ओलाव्यावर केव्हा सुटतील सांगता येत नाही. पूर्ण अंगाचा भार त्यांच्यावर कधीच देऊ नका. टॉवेलच्या दांडीलाही हेच लागू. अंघोळीचं स्टूल पाठीचं, पाणी निघून जायला भोकं असलेलं आणि रबरी पायांचं असावं. दाराला आतून कडी लावू नये, आणि पलंगापासून इथपर्यंतच्या रस्त्यावरचे पायपुसणं, सतरंजी, वायरी उचलाव्यात. रात्रीचा मंद दिवा चालू असावा.

श्वासाची आणि तपासणीची यंत्रं

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं यंत्र, डॉक्टरांनी मिनिटाला किती लिटर आणि ऑक्सिमीटरवर (बोटाला लावून ऑक्सिजन मोजणारं यंत्र) किती पातळी ठेवायची हे लिहून दिल्याशिवाय घेऊ नका. जुनाट फुप्फुसविकार असलेल्या अनेकांना ८८ ते ९२ टक्केच पातळी ठेवायला सांगतात. जास्त ऑक्सिजन त्यांना घातक ठरू शकतो. यंत्र ठरलेल्या प्रवाहाच्या टोकाला चालवायला लागू नये: ४–५ लिटर लागत असेल तर ५ऐवजी १० लिटरचं घ्या. ठरलेल्या प्रवाहाला शुद्धता ९० टक्क्यांच्या वर राहते का ते मीटरवर दाखवायला सांगा. भिंतीपासून ३० सेंमी दूर ठेवा, बाहेरचा फिल्टर आठवड्याला धुऊन पूर्ण वाळवून लावा, ओलाव्याच्या बाटलीत डिस्टिल्ड पाणी रोज बदला. ज्योत, शेगडी, विडी-सिगारेट लांब. नाक कोरडं पडलं तर पेट्रोलियम जेली लावू नका, पाण्यावर आधारित जेल वापरा. वीज जाते तिथे भरलेला सिलिंडर आणि त्याचा रेग्युलेटर जोडून तयार पाहिजे.

ऑक्सिमीटर गार बोटांवर आणि नेलपॉलिशवर चुकतो. आकडा स्थिर होईपर्यंत मिनिटभर थांबा. बीपीचं यंत्र दंडावर बांधायचं घ्या आणि दंडाचा घेर मोजून पट्टा निवडा, कारण तोकडा पट्टा बीपी जास्त दाखवतो. पाच मिनिटं पाठ टेकवून, पाय जमिनीवर ठेवून, न बोलता बसायचं. दंड हृदयाच्या उंचीला. मिनिटाच्या अंतराने दोन आकडे लिहायचे. नेब्युलायझरचा (औषधाचे बारीक तुषार करून श्वासातून देणारं यंत्र) कप आणि मास्क प्रत्येक वेळी धुऊन वाळवा, आणि त्यात डॉक्टरांनी दिलेल्या औषधाशिवाय काही घालू नका, साधं पाणीसुद्धा नाही.

भाड्याने की विकत

काही आठवडे ते तीन-चार महिने लागणारं आणि महाग असेल ते भाड्याने: पलंग, व्हीलचेअर, कॉन्सन्ट्रेटर. अंगाला लागणारं नवं विकत: मास्क, नाकातली नळी, नेब्युलायझरचा संच, युरिन पॉट, कमोडचं भांडं, खुर्चीची उशी. एअर बेड भाड्याचा आला तर झाकण नवं किंवा धुतलेलं आहे का, शिवणीतून पाणी आत झिरपलेलं आहे का ते बघा.

वस्तू घरी आली की आणणाऱ्या माणसाला लगेच जाऊ देऊ नका. खुर्ची उघडून घट्ट ब्रेक लावा आणि ढकलून बघा, चारही चाकं जमिनीला लागतात का बघा. पलंगाची हँडलं माणूस झोपलेला असताना फिरवा, रिकाम्या पलंगावर सगळंच हलकं चालतं. पंप आणि कॉन्सन्ट्रेटर किमान वीस मिनिटं चालवा, प्लग काढून वीज गेल्याचा अलार्म वाजतो का तपासा, आणि इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर मागच्या पट्टीवरचे वॅट वाचा. ५ लिटरचं यंत्र साधारण ३०० ते ३५० वॅट घेतं. बिघडलं तर किती तासांत बदलून देणार, रात्री कुणाला फोन करायचा, हे पावतीवर लिहून घ्या.

पहिला आठवडा

घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळी, उजेड असताना, पलंग ते संडास ही फेरी एकदा पूर्ण करून बघा आणि जिथे हात आधार शोधतो तिथे खूण करा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी वॉकरची उंची पुन्हा बघा. वाकून चालणारा माणूस सरळ झाला की ती बहुधा एक भोक वाढवावी लागते. दर आठवड्याला, ठरलेल्या वारी, बटणं, स्क्रू, रबरी बूट, ब्रेक आणि टायर यांवर हात फिरवा. भार देण्याची सूचना बदलली की वस्तूही बदलते: वॉकरवरून काठीवर जाणं फिजिओथेरपिस्टला विचारून करा, घरातल्या हौसेने नाही.

एका पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक दम किंवा छातीत कळ, जखमेतून पाणी, हाताच्या बोटांत न जाणाऱ्या मुंग्या, किंवा काल चालत होता तो पाय आज टेकवत नाही, यांतलं काहीही दिसलं तर उपकरणाची उंची जुळवत बसू नका. दम लागला किंवा छातीत दुखलं तर तात्काळ रुग्णालयात न्या, बाकीच्यांसाठी त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा.